टॉलस्टॉयने माणसाला कळसूत्री बाहुली केलेलं नाही

‘युद्ध आणि शांती’बद्दल एक मत सतत पुढे ढकललं जातं. ते थोडक्यात असं: इतिहास त्याच्या गतीने चालतो आणि माणसाच्या हाती काही नसतं, असं टॉलस्टॉय सांगतो. त्याच्या लेखी नेपोलियनही बाहुली, शिपाईही बाहुली. रणांगणावरचे हुकूम आणि पराक्रम सगळे व्यर्थ. रशियन सरसेनापती कुतुझोव तर झोपा काढून जिंकला. मग जे घडलं त्याचा दोष कोणालाच देता येत नाही. आणि रशियन कादंबरी एकूणच अशी नियतिवादी.

हे मत कादंबरीच्या दोन टोकांवर उभं आहे. एक टोक म्हणजे तिसऱ्या खंडाचं पहिलं प्रकरण, दुसरं म्हणजे उपसंहाराचं शेवटचं. मधल्या प्रकरणांत माणसं काय करतात हे पाहिलं की यातलं एकेक विधान गळून पडतं. पुढे दिलेले खंड, भाग आणि प्रकरणांचे आकडे आजच्या प्रचलित चार खंडांच्या आवृत्तीनुसार आहेत. तारखा जुन्या रशियन पंचांगाच्या आहेत, त्यांत 12 दिवस मिळवले की आपली तारीख येते.

“राजा इतिहासाचा गुलाम, म्हणजे कोणीच स्वतंत्र नाही”

राजा इतिहासाचा गुलाम असतो, हे वाक्य खरंच टॉलस्टॉयचं आहे (खंड 3, भाग 1, प्रकरण 1). पण त्याच पानावर, त्या वाक्याच्या आधी तो म्हणतो की प्रत्येक माणसाच्या जगण्याला दोन बाजू असतात. एक खाजगी, जिथे तो बऱ्यापैकी मोकळा असतो. दुसरी थव्यातली, जिथे तो सगळ्यांबरोबर ओढला जातो. माणूस जितका वरच्या पायरीवर, जितक्या जास्त लोकांशी बांधलेला, तितकी त्याची प्रत्येक कृती अटळ. गुलामीचा हा दाखला राजाला दिलेला आहे, शिपायाला नाही. 1868 साली कादंबरीवरच्या आक्षेपांना उत्तर देताना लिहिलेल्या लेखात त्याने हे आणखी उघडपणे मांडलं: दुसऱ्यांवरची सत्ता म्हणजे खरं तर त्यांच्यावरचं सर्वांत मोठं अवलंबित्व.

त्याच प्रकरणात एक फ्रेंच कॉर्पोरल येतो. नेपोलियनने व्हिस्टुला नदीपलीकडे मागे हटायला नकार दिला हे युद्धाचं कारण असेल, तर त्या कॉर्पोरलने दुसऱ्यांदा सैन्यात भरती होणं हेही तेवढंच कारण आहे, असं टॉलस्टॉय म्हणतो. त्याने नकार दिला असता, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने, हजाराव्याने दिला असता, तर लढायला माणसंच उरली नसती. कॉर्पोरलची इच्छा इथे शून्य धरलेली नाही, सम्राटाच्या इच्छेच्या शेजारी त्याच मापात ठेवली आहे. ‘सगळेच बाहुल्या’ म्हटलं की नेमका हा हिशोब पुसला जातो.

“हुकूम, डावपेच, पराक्रम, सगळं व्यर्थ”

हुकूम व्यर्थ ठरतात हे तो जरूर दाखवतो, पण ते का व्यर्थ ठरतात याची कारणंही देतो. नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीतली बोरोदिनोची लढाई 26 ऑगस्ट 1812 ची. आदल्या दिवशी नेपोलियनने लिहून दिलेल्या योजनेतली चार कलमं टॉलस्टॉय एकेक करून तपासतो (3.2.27, म्हणजे खंड 3, भाग 2, प्रकरण 27). पहिलं कलम तोफांचं. ठरवून दिलेल्या जागांवरून गोळे रशियन तटबंदीपर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे 102 तोफा रिकाम्या जागेवर आग ओकत राहिल्या. नेपोलियनचा सेनापती पोन्यातोव्स्की जंगलातून वळसा घालणार होता, त्याला रशियन सेनापती तुचकोवने अडवलं. फ्रेंच सेनापती कोंपांची तुकडी जंगलातून बाहेर पडताच छऱ्यांच्या माऱ्यात सापडून मागे फिरली. बोरोदिनो गाव घेणाऱ्या फौजेला कोलोचा नदीपुढे सरकता आलं नाही. चारपैकी एकही कलम पार पडलं नाही.

बिघाड कुठे झाला तेही स्पष्ट आहे. मुख्य चकमक सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात चालली होती आणि नेपोलियन होता त्या शेवार्दिनोच्या टेकडीवरून धुरामुळे काही धड दिसत नव्हतं. निरोप घेऊन घोडेस्वार पोहोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असे. पूल हाती आल्याची बातमी नेपोलियनला मिळाली तेव्हा तो रशियनांनी परत घेतलेला होता (3.2.33). उपसंहारात (भाग 2, प्रकरण 6) याला आणखी एक कारण जोडलं आहे. हजारो हुकूम सुटतात, जे पार पडत नाहीत ते विसरले जातात आणि जे घटनेशी जुळतात तेवढेच मागे उरतात. मग त्या हुकुमांमुळेच घटना घडली असं वाटू लागतं. इंग्लंडवरच्या स्वारीचे हुकूम नेपोलियन वर्षानुवर्षं देत राहिला, पण ती स्वारी कधी झालीच नाही.

आता त्या 102 तोफांकडे परत येऊ. त्या रिकाम्या जागेवर डागणं थांबलं कधी? जवळच्या अधिकाऱ्याने सम्राटाच्या हुकुमाविरुद्ध त्या पुढे सरकवल्या तेव्हा. टॉलस्टॉय हे एका वाक्यात सांगून पुढे जातो, पण सगळा मुद्दा त्या वाक्यात आहे. दूरच्या माणसाचा निर्णय निष्फळ ठरला, तोफेपाशी उभ्या असलेल्याचा लागू पडला.

हीच गोष्ट तो पहिल्या खंडात सविस्तर सांगतो, 4 नोव्हेंबर 1805 च्या, फ्रेंचांशी झालेल्या शेनग्राबेनच्या चकमकीत (1.2.20). कॅप्टन तूशिनची चार तोफांची तुकडी मधल्या टेकाडावर विसरली गेली आहे. कुठे आणि कशाने मारा करायचा हे त्याला कोणीच सांगितलेलं नाही. तो आपल्या सार्जंटशी, झाखारचेन्कोशी बोलतो आणि समोरच्या गावाला आग लावायचं ठरवतो. फ्रेंच आग विझवण्यात गुंततात आणि एवढा मारा येतोय म्हणजे रशियनांची मुख्य फौज इथेच असणार असं समजतात. प्रत्यक्षात तासाभरात चाळीस गोलंदाजांपैकी सतरा जण पडलेले असतात. संध्याकाळी सोडून आलेल्या तोफांबद्दल त्याला जाब विचारला जातो, तेव्हा कुतुझोवचा सहायक अधिकारी प्रिन्स आंद्रेई उभा राहून सांगतो की आजचं यश मुख्यतः याच तुकडीचं. ज्याच्या लेखी व्यक्तीची निवड निरर्थक आहे असा लेखक हे प्रकरण लिहिणार नाही.

तीच गत घोडदळातला तरुण अधिकारी निकोलाय रोस्तोव याची. ओस्त्रोव्नोपाशी तो हुकुमाची वाट न पाहता आपलं घोडदळ घेऊन तुटून पडतो, कारण हाच क्षण आहे हे त्याला दिसतं (3.1.15). शेनग्राबेनचा रशियन सेनापती बाग्रातिओनही पाहा. तो फारसे हुकूम देतच नाही. जे घडतं ते आपल्या मनासारखंच घडतंय असं दाखवतो. पण तो समोर आहे एवढ्यानेच घाबरलेले अधिकारी शांत होतात (1.2.17). हा परिणाम टॉलस्टॉय मोजतो, नाकारत नाही.

“कुतुझोव झोपून जिंकला”

कुतुझोव युद्धमंडळात झोपतो ते ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री (1.3.12). ती लढाई रशिया हरला. त्या रात्री ऑस्ट्रियन सेनापती वायरोथर जी योजना वाचून दाखवत होता ती रशिया आणि ऑस्ट्रियाच्या दोन सम्राटांच्या भोवतीच्या मंडळींनी आधीच पक्की केली होती आणि कुतुझोवच्या विरोधाला किंमत नव्हती. ठरवायचं काहीच हातात नव्हतं म्हणून तो झोपला.

त्याच्यापुढे ठरवायचं येतं ते 1 सप्टेंबर 1812 ला, मॉस्कोजवळच्या फिली गावात एका शेतकऱ्याच्या झोपडीत (3.3.4). सेनापती बेनिगसेन विचारतो, पवित्र राजधानी न लढता सोडायची का? कुतुझोव प्रश्नच बदलतो: लढून सैन्य आणि मॉस्को दोन्ही गमवायचं, की न लढता फक्त मॉस्को द्यायचं? मग सगळ्यांचं ऐकून तो आपल्या अधिकारात माघारीचा हुकूम देतो. टॉलस्टॉय त्याला त्या रात्री शांत झोप देत नाही. मॉस्को सोडायची वेळ नेमकी कधी ठरली, त्यात आपला वाटा किती, हे तो स्वतःला विचारत राहतो. स्वतःला बाहुली समजणाऱ्याला हा प्रश्न छळणार नाही.

बोरोदिनोवर (3.2.35) सैन्याच्या मनोबलाबद्दल लिहिताना टॉलस्टॉय म्हणतो की कुतुझोव त्या शक्तीवर लक्ष ठेवून होता आणि त्याच्या ताब्यात होतं तितपत तिला वळणही देत होता. हा उत्तरार्ध मताचा प्रसार करणारे सोडून देतात. एक मात्र मान्य करायला हवं: वादाच्या भरात टॉलस्टॉय कुतुझोवला होता त्याहून अधिक स्वस्थ आणि नेपोलियनला होता त्याहून अधिक पोकळ रंगवतो. नेपोलियनवर तो सरळ अन्याय करतो.

“मग दोष कोणाचाच नाही”

हे या मताचं सर्वांत घातक टोक आहे, कारण टॉलस्टॉयच्या नावावर ते नेमकं त्याने धिक्कारलेलं समर्थन खपवतं.

2 सप्टेंबर 1812. फ्रेंच मॉस्कोत शिरत आहेत, गव्हर्नर रस्तोपचिनच्या दाराशी जमाव आहे. तो वेरेश्चागिन नावाच्या तरुण कैद्याला देशद्रोही म्हणून जमावापुढे करतो, सैनिकांना वार करायला सांगतो आणि जमाव त्या मुलाला ठार मारतो (3.3.25). मागच्या दाराने बग्गीत बसून पळताना रस्तोपचिन मनाशी म्हणतो की हे मी लोकहितासाठी केलं. नियतिवाद्याने इथे मान हलवली असती: परिस्थितीच तशी होती. टॉलस्टॉय उलट सांगतो की जगाच्या आरंभापासून माणसाने माणसाला मारताना याच कल्पनेने स्वतःचं समाधान करून घेतलं आहे. रस्तोपचिनच्या मनावरचा हा व्रण कधीच भरणार नाही हेही तो बजावतो.

दुसरं प्रकरण गोळ्या घालण्याचं (4.1.10 आणि 11). कादंबरीचा एक नायक प्येर फ्रेंचांचा कैदी आहे. फ्रेंच मार्शल दावू आधी त्याला नीट पाहतही नाही. मग दोघांची नजर काही क्षण भिडते आणि त्या नजरेने प्येर वाचतो, असं टॉलस्टॉय लिहितो. थोड्याच वेळाने प्येर रांगेत सहावा उभा असतो. पुढचे पाच जण मारले जातात आणि त्याला कळत नाही की हे करतंय तरी कोण? गोळी घालणारे शिपाईसुद्धा हादरलेले आहेत. त्याला वाटतं, हे कोणी एक माणूस नाही, ही व्यवस्था करते आहे. ‘इतिहासाच्या शक्ती’ इथे खरोखर दिसतात आणि भयानक दिसतात. पण दोन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं तेवढ्याने ती व्यवस्था क्षणभर अडते, हेही त्याच प्रसंगात आहे.

निकोलायची बहीण नताशा हिच्या गाड्यांचा प्रसंगही याच जातीचा. मॉस्को सोडताना रोस्तोव कुटुंबाकडे सामान न्यायला तीस गाड्या आहेत आणि लोक त्यांसाठी वाटेल ती किंमत द्यायला तयार आहेत. नताशा घरच्यांवर ओरडते, सामान उतरवून जखमी सैनिक चढवले जातात (3.3.16). लढाईच्या निकालावर याचा काडीचाही परिणाम होत नाही. त्या जखमींच्या जगण्यावर होतो.

“उपसंहारात तो स्वातंत्र्य नाकारतोच”

शेवटच्या परिच्छेदात, हो: आपल्याला जाणवत नसलेलं परावलंबन मान्य करा, असं तो इतिहासकारांना सांगतो. पण त्याआधीच्या नवव्या आणि दहाव्या प्रकरणांत मोजमाप आहे. एखादी कृती किती स्वतंत्र दिसते हे तीन गोष्टींवर ठरतं: माणूस भोवतालाशी किती बांधलेला, घटनेला किती काळ लोटला आणि कारणं आपल्याला किती ठाऊक. 1866 चं ऑस्ट्रिया-प्रशिया युद्ध तेव्हाच्या वाचकाला प्रशियाच्या बिस्मार्कच्या धूर्तपणाचं फळ वाटे, धर्मयुद्धं मात्र अपरिहार्य वाटत. बिस्मार्क जास्त मोकळा होता असं नाही, तो जवळ होता. स्वातंत्र्य आणि अटळता यांपैकी कोणतंही टोक पूर्ण शून्यावर येत नाही, हे टॉलस्टॉय स्वतः लिहितो. बुद्धीला अटळता दिसते, जाणिवेला स्वातंत्र्य, आणि ही ओढाताण तो मिटवत नाही.

“रशियन कादंबरीच नियतिवादी”

1866 साली ‘रूस्की वेस्तनिक’ मासिकात टॉलस्टॉयच्या या कादंबरीचे सुरुवातीचे भाग आणि दोस्तोयेव्स्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ दोन्ही छापून येत होत्या. त्या दुसऱ्या कादंबरीत गुन्ह्याचं खापर परिस्थितीवर फोडण्याच्या युक्तिवादावर नायकाचा मित्र रझुमीखिन तुटून पडतो (भाग 3, प्रकरण 5). लेर्मोंतोवच्या 1840 च्या ‘आमच्या काळाचा नायक’ या कादंबरीतली शेवटची कथा तर नियतिवाद्यावरच आहे. तिच्यात नायक पेचोरिन नियतीबद्दल शंका कायम ठेवतो आणि खिडकीतून उडी टाकून खुनी कोसॅकला जिवंत पकडतो.

ज्यांना पूर्ण ग्रंथ लगेच झेपणार नाही त्यांनी या क्रमाने वाचावं: 1.2.15 ते 21, 1.3.12, 3.1.1, 3.2.27, 33 आणि 35, 3.3.3 व 4, 3.3.16, 3.3.25, 4.1.10 व 11, आणि शेवटी उपसंहार भाग 2 मधली 6 ते 10 ही प्रकरणं. आवृत्ती घेताना उपसंहाराचा दुसरा भाग आहे ना, हे तपासा. संक्षिप्त आवृत्त्यांत तो बहुधा गाळलेला असतो. 1873 च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयने ही चर्चा कथेतून काढून पुस्तकाच्या शेवटी वेगळी छापली होती, पुढे ती मूळ जागी परतली.