सडलेलं बाइंडिंग का काढलं: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. गिटारदुरुस्तीवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे मुख्य आक्षेप तीन आहेत. जुन्या गिटारच्या नेकवरचं (लांब दांड्यावरचं) बाइंडिंग, म्हणजे कडेने लावलेली प्लास्टिकची पट्टी, पूर्ण काढून मी वाद्याचं मूळपण घालवलं. भेगा नुसत्या भरल्या असत्या तरी भागलं असतं. आणि हीट गनचा (गरम हवेचा झोत सोडणाऱ्या अवजाराचा) सल्ला असा सरसकट देणं धोक्याचं आहे. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे.

बाइंडिंग कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्याला उष्णता द्यायची नाही, हे माझ्या लेखातलं पहिलं वाक्य असायला हवं होतं. एबीएस या प्लास्टिकची पट्टी गरम केली की मऊ पडते आणि सोलून निघते. सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते एकदा पेटलं की विझवायला सवड मिळत नाही. या नेकवर मी हीट गन वापरलीच नाही, ती दुसऱ्या, एबीएसच्या कामात वापरली होती. लेखात दोन्ही कामं एकत्र आली ही माझी चूक, तो परिच्छेद बदलला आहे. ओळखायची सोपी रीत सांगतो: पट्टीची कड कापडाने जोरात घासा. सेल्युलॉइड असेल तर बहुतेक वेळा कापराचा वास येतो.

भेगांबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. भेग आणि सड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या तारा दाबायच्या फळीचं, लाकूड आकसतं, पण फ्रेट, म्हणजे त्यात आडवी बसवलेली धातूची पट्टी, आकसत नाही. तिचं टोक बाइंडिंगला आतून रेटतं आणि तिथे केसासारखी उभी भेग पडते. ती तुम्ही म्हणता तशीच भरावी. त्याच प्लास्टिकची कात्रणं अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मधाइतकी दाट करायची आणि थोडी थोडी भरायची, कारण अ‍ॅसिटोन उडून गेलं की भर खाली बसते. मीही हेच करतो.

या नेकची गत वेगळी होती. गिटारची केस (पेटी) उघडली की आंबट, नाकाला झोंबणारा वास यायचा. बाराव्या फ्रेटच्या पुढे बाइंडिंगचे खडीसाखरेसारखे तुकडे पडत होते आणि त्याच बाजूच्या फ्रेटच्या टोकांवर हिरवा थर चढला होता. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि ते आम्ल शेजारचं धड सेल्युलॉइडही कुजवायला लागतं. बंद केसमध्ये हे जास्तच वेगाने होतं. अशा पट्टीत अ‍ॅसिटोनची लुगदी भरणं म्हणजे पोखरलेल्या भिंतीला गिलावा करणं. सगळं जुनं सेल्युलॉइड असं होतं असं मुळीच नाही. 1920-30 च्या दशकांतल्या कितीतरी गिटारींवर ते आजही टणक आहे आणि त्याला कुणी हात लावू नये.

म्हणूनच मूळपणाचा मुद्दा मला तुमच्याइतकाच जिव्हाळ्याचा वाटतो. पट्टी तशीच ठेवली असती तर मूळ फ्रेट आणि तारांच्या खुंट्यांचं धातुकाम, दोन्ही हळूहळू गेलं असतं. मी एकही फ्रेट उपटला नाही. बाइंडिंगच्या फ्रेटबोर्डात फ्रेटची आतली जीभ कडेला आखूड कापलेली असते आणि वरचा गोल भाग पट्टीवर आलेला असतो, त्यामुळे नवी पट्टी त्याच्याखाली सरकवता येते. गिब्सन कंपनीच्या अनेक नेकवर असतात तसे, फ्रेटची टोकं झाकणारे बाइंडिंगचे उंचवटे इथे असते तर मी हे काम इतक्या सहज हाती घेतलं नसतं. ते एकदा गेले की हुबेहूब परत घडवणं फार कठीण.

खरा वेळ गेला तो उंची जुळवण्यात. फ्रेट जागेवर असताना पट्टीचा माथा एका दमात तासता येत नाही. म्हणून दीड मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवण्याआधीच तासून घेतली, केसभर उंच ठेवली आणि उरलेलं फ्रेटच्या मधे मधे छोट्या पात्याने खरवडलं. त्याआधी लॅकर (लाकडावरचा चकचकीत लेप) आणि बाइंडिंगच्या सांध्यावरून धारदार पातं फिरवून रेघ पाडली, नाहीतर जुन्या पट्टीबरोबर लॅकरचे पापुद्रे निघाले असते. गोंदातलं द्रावक लॅकरलाही विरघळवतं, तेव्हा गोंद बेताचा लावला आणि टेपखाली तो झिरपत नाही ना हे बोटभर अंतराने पाहत गेलो.

पट्टी चिकटवल्यावर खरवडण्याआधी तीन दिवस थांबलो हा वेळकाढूपणा होता, असं तुम्ही लिहिलंय. द्रावकाने प्लास्टिक फुगतं. ते फुगलेलं असतानाच तासून सपाट केलं, तर ते वाळून आकसल्यावर सांध्यापाशी खळगा राहतो, आणि नेकवर तो अंगठ्याला प्रत्येक वेळी लागतो.

काढलेले तुकडे फेकलेले नाहीत, ते मालकाला दिले आहेत. फक्त केसमध्ये किंवा डबीत ठेवू नका, हवा खेळेल अशा कागदी पाकिटात गिटारपासून लांब ठेवा, असं सांगितलं आहे. गिटारचा पिकगार्डही (ओरखड्यांपासून वाचवणारी पातळ चकतीही) सेल्युलॉइडचा आहे आणि तो अजून धड आहे.