बॉसकडून सन्मानाने कसं हरावं

फँटसी गेममधला बॉस, म्हणजे वाट अडवून उभा असलेला दांडगा शत्रू, मारायचा कसा, हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. ते सांगतात ते बहुतेक बरोबरही असतं, पण तुमच्या कामाचं नसतं. तुम्हाला खरी काळजी असते ती हरल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याची. हे आधी ठरलेलं नसलं की पडद्यावर 'यू डाइड' उमटताच माणूस बावचळतो आणि त्या भरात स्वतःकडे बघून बसतो. एवढा धोका पत्करण्यापेक्षा थोडी पथ्यं पाळलेली बरी.

सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे बॉसकडे बघायचं नाही. बॉस बिचारा प्रामाणिक असतो. तलवार हाणण्याआधी खांदा मागे नेतो, आग ओकण्याआधी छाती फुगवतो, झेप घेण्याआधी गुडघे वाकवतो. काही जण तर ओरडूनही सांगतात. हे दोन-चारदा नीट पाहिलं की पुढचा वार कुठून येणार ते कळायला लागतं, आणि एकदा कळलं की 'काही कळायच्या आत मेलो' असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणून नजर त्याच्या हेल्थ बारवर, म्हणजे जीव किती उरलाय ते दाखवणाऱ्या पट्टीवर, खिळवून ठेवावी. बार किती उतरला, किती उरला, याच वेगाने गेलं तर किती वेळ लागेल, हा हिशेब मनात चालू ठेवावा. हिशेब करता करता मेलात तर ते वीरमरण.

'एल्डन रिंग' (2022) मधला मार्गिट हा या बाबतीत आदर्श गुरू. तो काठी उगारतो आणि तशीच धरून उभा राहतो. काठी वर गेली रे गेली की तुम्ही वार चुकवायला लोळा. तुमचं लोळून उठून होतं, आणि मग तो सावकाश हाणतो. पुढच्या वेळीही तेच करा. काठी खाली यायला लागेपर्यंत थांबून मग बटण दाबणं म्हणजे त्याच्या तालावर नाचणं झालं. आपला ताल आपण का सोडावा?

लोळण्याचंही एक शास्त्र आहे. रोलच्या, म्हणजे या लोळण्याच्या, सुरुवातीच्या काही फ्रेम्समध्ये (क्षणाच्या बारीक तुकड्यांत) तुमच्या पात्राला मार लागतच नाही, अशी सोय या खेळांत केलेली असते. त्यामुळे सराईत लोक वाराच्या दिशेने, चक्क बॉसच्या काखेखालून लोळत जातात आणि मागून हाणतात. हा भेकडपणा आहे. तुम्ही सरळ मागे लोळावं, म्हणजे लांब भाल्याचं टोक नेमकं तुमच्यापर्यंत पोचेल. एकदा लोळून भागलं नाही तर तेच बटण सलग पाच-सहा वेळा दाबावं. स्टॅमिना संपला की पात्र आपसूक शांत उभं राहतं. अंगावर चिलखतही सापडेल तेवढं जड चढवावं. 'एल्डन रिंग'मध्ये पेलण्याच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपलीकडे वजन गेलं की पात्र लोळत नाही, धपकन आडवं होतं आणि विचार करत उठतं. शिरस्त्राण उतरवलं तर काटा 70 च्या आत येतो, हे मान्य. पण ते शिरस्त्राण शोभून दिसतं, त्याचं काय?

आता मुळात लढाईला कधी उभं राहावं? लगेच. 'डार्क सोल्स' (2011) सुरू होतो तेव्हा तुमच्या हातात तुटक्या तलवारीची मूठ असते आणि वरून एक अगडबंब असायलम डेमन खाली कोसळतो. त्याच दालनात एका बाजूला दार उघडं असतं. तिथून निसटायचं, धड शस्त्र मिळवायचं, मग वरच्या सज्जातून त्याच्या टाळक्यावर उडी घ्यायची, असा खेळ रचणाऱ्यांचा सरळ बेत आहे. तुम्ही दाराकडे ढुंकूनही बघू नका. 'एल्डन रिंग'मध्ये सुरुवातीच्या अंधाऱ्या तळघरातून उजेडात आलात की सोनेरी चिलखतातला ट्री सेंटिनल घोड्यावरून रपेट मारताना दिसतो. तुमच्याकडे घोडा नाही. भोवती मोकळं माळरान पसरलेलं आहे, तिथे फिरलात तर घोडा मिळतो, लेव्हल वाढते, शस्त्र सुधारतं. हे सगळं करून परत यायला कुणी मनाई केलेली नाही. पण मग हरल्यावर 'पहिल्याच मिनिटाला असला राक्षस कोण ठेवतं?' हा बिनतोड सवाल विचारायचा कुणी?

बॉस वार करून दमतो, क्षणभर थांबतो, ती तुमची पाळी. त्या फटीत एक वार बसतो. शिकलेले लोक एक वार करून मागे सरतात आणि पुढच्या फटीची वाट बघतात, असं भुरटं जगणं तुम्हाला शोभत नाही. दुसरा वार हाणा. तिसराही. बॉसचा बार अगदी काडीएवढा उरला असेल तर सगळं भान सोडून हाणत सुटा. जगभरातले बहुतेक खेळाडू याच शेवटच्या काडीवर मेले आहेत, तेव्हा संगत चांगली आहे. (आकडेवारी नाही, पण हे वाचताना मान कोण कोण हलवतंय ते मला दिसतंय.)

मार खाल्ला की लगेच तिथल्या तिथे, बॉसच्या नाकासमोर औषधाची बाटली तोंडाला लावावी. काही बॉस तुम्ही बाटली काढताच झेपावतात, म्हणजे खेळ तुमचं बटण वाचतो अशी तक्रार करायला जागा आहे. ही तक्रार जपून ठेवा, फार कामाची आहे. खांबाआड जाऊन प्यायलात तर ती हातची जाईल.

पाळीपाळीने चालणाऱ्या जुन्या खेळांत मात्र नियम उलटा: औषध काढायचंच नाही. एलिक्झर हे सगळ्यात जालीम औषध दुर्मीळ असतं. खरी गरज पडेल तेव्हा वापरू म्हणून ते ठेवावं. मधला बॉस आला, ही खरी गरज नव्हे. शेवटचा बॉस आला, पण त्याचं दुसरं रूप निघालं तर? दुसरं निघालं, तिसरं निघालं तर? खेळ संपतो तेव्हा तुमची पोतडी जगातल्या सगळ्या संजीवन्यांनी भरलेली असते आणि पार्टी, म्हणजे तुमची लढणारी टोळी, आडवी झालेली असते. 'स्कायरिम' (2011) मध्ये तर ड्रॅगनचा जबडा डोक्याशी आला असतानाही मेनू उघडला की काळ थांबतो आणि चीजची अख्खी चाकं एकामागून एक गिळून माणूस ताजातवाना होतो. तुम्ही ती चाकं घराच्या फळीवर नीट रचून ठेवावीत.

या काटकसरीचा एक अनपेक्षित फायदाही आहे. 'फायनल फँटसी 6' (1994) मध्ये भुतांची आगगाडी बॉस म्हणून अंगावर येते. ती मृतयोनीतली, म्हणजे जे औषध तुम्हाला उठवतं ते तिला बसवतं. मेलेल्या साथीदाराला जिवंत करणारं एक फिनिक्स डाउन तिच्यावर फेकलं की गाडी खल्लास. पण फिनिक्स डाउन शत्रूवर फेकायचं म्हणजे उधळपट्टीच! तुम्ही आपले गाडीपुढे धावत धावत इमानदारीने तलवार चालवा.

आणि 'फायनल फँटसी 10' (2001) मधली युनालेस्का? तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ती सद्गुणी माणसालाच मारते. ती तुमच्या माणसांना झोंबी करते. झोंबी झालेल्याला बरं करणारा मंत्र उलटा लागतो, म्हणून तुम्ही कर्तव्यदक्षपणे एकेकावर होली वॉटर शिंपडून सगळ्यांना ठणठणीत करता. मग तिचं तिसरं रूप मेगा डेथ टाकतं, आणि त्यात वाचतो फक्त तो, जो अजून झोंबी आहे. मूळ आवृत्तीत लढाईआधीचा लांबलचक कटसीन, म्हणजे नुसता बघायचा प्रसंग, वगळताही येत नव्हता. म्हणजे मरा, पुन्हा अख्खं संभाषण ऐका, पुन्हा सगळ्यांना ठणठणीत करा. या जागी एखादा माणूस थांबून विचार करतो की बाई दर वेळी हाच रोग का देतेय. तुम्ही तो एखादा होऊ नका. कटसीनच्या लांबीवर बोला, तिथे तुमची बाजू खरोखरच भक्कम आहे.

शत्रू दोन असले तर समदृष्टी ठेवावी. 'डार्क सोल्स'मधल्या ऑर्नस्टीन आणि स्मॉ या जोडगोळीत एक पडला की दुसरा त्याची शक्ती पिऊन पूर्ण हेल्थ घेऊन उभा राहतो. त्यामुळे आधी कुणाला मारायचं याची योजना लोक आखत बसतात. तुम्ही एक याला, एक त्याला असं वाटप करा. 'एल्डन रिंग'मधल्या मलेनियासमोर मोठी ढाल घ्या; तिचा वार ढालीवर बसला तरी तिची हेल्थ वाढते, तेवढंच दानधर्माचं पुण्य.

भल्यामोठ्या ड्रॅगनवर कॅमेरा लॉक करून, म्हणजे नजर त्याच्यावरच जखडून, त्याच्या पोटाखाली शिरावं. मग पडद्यावर नखं, खवले आणि धूळ एवढंच दिसतं. लॉक काढायला एक बटण आहे, ते नसल्यासारखं वागावं. कॅमेरा हा हरणाऱ्याचा सगळ्यात जुना आणि निष्ठावान मित्र आहे. त्याच्या पाठोपाठ लॅग (अडखळणारं कनेक्शन), हिटबॉक्स (वार कुठे लागला धरायचं ती अदृश्य चौकट) आणि कंट्रोलरची झिजलेली कांडी. एका संध्याकाळी चौघांनाही वापरू नका, उद्यासाठी एखादा राखून ठेवा.

चार माणसांबरोबर खेळत असाल तर एवढीही मेहनत नको. सगळ्यांना बरं करणारा हीलर आहे की! पायाखाली आगीचं लालभडक वर्तुळ उमटलं, तरी जागचं हलू नका, तुमचा कॉम्बो, म्हणजे सलग वारांची मालिका, अर्धा झालाय. मेल्यावर शांतपणे विचारा, 'हील कुठे होतं?' चिकाटीच्या बाबतीत मात्र 'फायनल फँटसी 11' च्या त्या गटाकडून शिकण्यासारखं आहे, जो 2008 साली पँडेमोनियम वॉर्डन नावाच्या बॉसशी अठरा तास लढत राहिला. खेळाडूंना उलट्या व्हायला लागल्या तेव्हा कुठे त्यांनी माघार घेतली. त्यांनी निदान उलटीपाशी रेष आखली. तुमची रेष अजून आखलेली दिसत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर बोटं आंधळी होतात, सकाळी तोच बॉस दुसऱ्या खेपेला पडतो, असं म्हणतात. म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

तडजोडीचा मार्गही जुना आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' (1986) मध्ये शेवटचा ड्रॅगनलॉर्ड अर्धं जग देऊ करतो. हो म्हटलंत की खेळ तिथेच संपतो. बाकीच्या अर्ध्या जगासाठी इतके तास राबणाऱ्यांपेक्षा हा निकाल वाईट म्हणता येणार नाही.

मदत घेण्याविषयी तुमचं धोरण कडक असावं. 'एल्डन रिंग'मधल्या रादानच्या लढाईत रणांगणभर साथीदारांना बोलवायच्या खुणा चमकत असतात, मुळात तो सोहळाच सगळ्यांनी मिळून लढायचा म्हणून भरवलेला. तुम्ही एकटे जा. एकट्याने हरण्यात जी शान आहे ती सहा जणांनी मिळून जिंकण्यात नाही. गेम आल्यावर महिन्याभरात पॅच, म्हणजे निर्मात्यांची दुरुस्ती, आला आणि रादान मवाळ झाला. पुढे निर्मात्यांनीच सांगितलं की त्यातला काही भाग चुकून मवाळ झाला होता, आणि तो दुरुस्त केला. त्यामुळे कुणीही 'मी रादानला मारलं' म्हणालं की डोळे बारीक करून विचारायचं, 'कोणत्या पॅचमध्ये?' समोरचा कितीही खरा असो, चेहरा पडतोच.

इतकं सगळं पाळूनही अपघात होतात. एखाद्या रात्री तुमच्या नकळत हात थांबतो, काठी खाली येताना दिसते, आणि बॉस पडतो. अशा वेळी घाबरून जाऊ नका, पुरावे आवरायला घ्या. 'एल्डन रिंग'मधली मिमिक टिअर मदतीला बोलावली होती? ती तुमचीच हुबेहूब प्रतिकृती असते, तेव्हा शेवटचा वार तिने केला असला तरी दिसायला तो तुम्हीच केलात. गाइड वाचलं होतं? ते 'सहज चाळलं'. पुढे कुणी नवखा येऊन काकुळतीने विचारेल की हा मार्गिट मला जमतच नाही, काय करू? खांदा, काठी, तो मधला थांबा, यातलं अक्षरही काढू नका. 'गिट गुड', म्हणजे 'आधी खेळायला शीक', एवढंच म्हणा, आणि तो आणखी काही विचारायच्या आत पुढच्या बॉसच्या दारात जाऊन मरायला लागा.