फेरीला निघताना बाळगावयाची बेफिकिरी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, एका दिवसात उरकण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर सर्वप्रथम एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा, कारण त्याशिवाय नाशिककराला अलीकडे कोणत्याही डोंगराच्या वाटेला जाता येत नाही. या ग्रुपवर पुढील पंधरा दिवस सकाळची मिसळ कोठे खायची, या एकाच प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार व्हावा. फेरी नेमकी किती लांबीची आहे, असे कोणी विचारलेच, तर त्याला अंगठ्याचे चिन्ह पाठवून गप्प करावे. (लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आणि हरिहर गडाला वळसा घालून येणारी मोठी फेरी सुमारे ४० किलोमीटरची आहे, परंतु असल्या आकड्यांनी तर्रीची चव जाते.)

निघण्याची वेळ सकाळी सहाची ठरवावी आणि साडेसातला नाशिकच्या ठक्कर बाजारापाशी जमावे. तिसऱ्या श्रावणी सोमवारची फेरी करणारे भाविक रविवारी रात्रीच त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात बुडी मारून चालू लागतात, पण त्यांच्याकडे मिसळीचा कार्यक्रम नसतो, हे लक्षात घ्यावे. मिसळ, त्यावर चहा, मग २८ किलोमीटरच्या त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीपाशी थांबून काढलेली छायाचित्रे असे करत करत साडेदहाच्या सुमारास कुशावर्तावर पोहोचणे उत्तम. चिखलातून ताशी तीन किलोमीटर धरले, तर न थांबता चाललात तरी लहान फेरीलाच सव्वापाच वाजतात. आपण थांबणारच आहात. भाजलेले कणीस दिसले की थांबाल, धबधबा दिसला की थांबाल, आणि धबधबा पाठीशी घेऊन प्रत्येकाचे स्वतंत्र छायाचित्र निघेपर्यंत हलणार नाही. श्रावणात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा विजेरी घेऊन पाठीवरचे ओझे उगीच वाढवू नये. फोनला दिवा असतोच, आणि दिवसभर चित्रीकरण करूनही त्याची बॅटरी आपल्या भक्तीवर टिकून राहील.

गडाच्या वाटेत एक मोठी गैरसोय असते, ती म्हणजे दमल्यावर मागे फिरता येते. मागे फिरणे म्हणजे उतरणे, आणि उतरणे म्हणजे सोपे, अशी माणसाच्या मनाची समजूत असल्यामुळे अनेक चांगले बेत अर्ध्यावर मोडतात. फेरीने ही पळवाटच बंद केली आहे. एकदा आपण डोंगराच्या मागच्या अंगाला पोहोचलात, की मागे फिरा किंवा पुढे जा, त्र्यंबक सारखेच लांब. म्हणून ‘गुडघा दुखतो आहे’ हे वाक्य कोणी दहाव्या किलोमीटरपूर्वी उच्चारू नये. त्यानंतर कितीही वेळा उच्चारावे.

बूट कोरे करकरीत असावेत. मी स्वतः हा नियम पाळला आहे. चार हजारांचे, पाण्याला दाद न देणारे बूट घालून मी निघालो आणि ते पाण्याला खरोखरच इतके चोख निघाले, की पहिल्या ओढ्यात आत शिरलेले पाणी त्यांनी संध्याकाळपर्यंत बाहेर जाऊ दिले नाही. दुसऱ्या ओढ्यापलीकडे उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला जबडा उघडून चिखल गिळू लागला. भाताच्या खाचरातून एक मावशी वर आल्या, त्यांनी माझ्याकडे न पाहता फक्त बुटाकडे पाहिले, बांधावरच्या खताच्या गोणीची सुतळी ओढून काढली आणि म्हणाल्या, ‘‘पाय इकडं कर, दादा.’’ पोत्याच्या तोंडाला मारतात तशी गाठ त्यांनी मारली. अजून किती राहिले, असे मी विचारले, तेव्हा ‘‘हे काय, आलंच की,’’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी तीन तास चालत होतो.

वाटेची चिंता करू नये. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचे, एवढा एकच नियम आहे. श्रावणात धुक्यामुळे डोंगर दिसत नाही, हा तपशील झाला. फोनमधला नकाशा घरून उतरवून ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण असून, रेंज गेल्यावर पडदा कोरा झाला की तो कोणत्या बाजूला धरायचा यावर ग्रुपने तेथेच वाद घालावा. शिवाय या फेरीत वाट चुकण्याला मोठी परंपरा आहे. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, त्या पळापळीत थोरला मुलगा निवृत्ती सर्वांपासून तुटला आणि ज्या गुहेत शिरला, तेथे त्याला गुरू गहिनीनाथ भेटले, असे सांप्रदायिक कथा सांगते. आपणही हाच हिशेब डोळ्यांपुढे ठेवून चुकावे. वाघाची आता फारशी धास्ती नाही, मात्र गहिनीनाथांचीही खात्री देता येत नाही. बहुतेकांना एखाद्या पाड्यावरचा पोरगा भेटतो, जो हसू दाबत त्यांना अर्धा तास मागे नेऊन सोडतो.

पाणी एक बाटली पुरे, कारण आकाशातून पडतच असते. वेफर्सची रिकामी पाकिटे मात्र करवंदीच्या जाळीत नीट खोचावीत, म्हणजे मागून येणाऱ्यांना वाट सापडते.

परत आल्यावर कुशावर्तापाशी सर्वांचे एकत्र छायाचित्र काढावे. ते काढताना मागच्या पायरीवर बसून पाय धुणाऱ्या आजीबाई चौकटीत येणार नाहीत, याची काळजी घ्यावी. त्या आपल्या मागून निघाल्या होत्या, अनवाणी होत्या, हातातल्या कापडी पिशवीत चटणी-भाकरी होती, आणि आपण सुतळी बांधून घेत असताना ‘‘चला, माऊली,’’ म्हणून पुढे निघून गेल्या होत्या.