नाचणाऱ्याच्या नावावर सातबारा

महाराष्ट्रात डान्सबारचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नावर अडते: नाच चालू द्यायचा की बंद करायचा? 2005 ची बंदी, 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, मग 2016 चा नवा कायदा आणि 2019 मध्ये त्यातल्या बऱ्याच अटींना लागलेली कात्री. या चौदा वर्षांत, नाच होतो तो मंच कोणाच्या मालकीचा हे फारसं कोणी विचारलं नाही. न्यूयॉर्कमध्ये बसून हा वाद वाचताना क्लेटन 'पेग लेग' (लाकडी पायवाले) बेट्स हे टॅप, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ताल धरणारा नाच करणारे अमेरिकी नर्तक आठवतात, कारण त्यांनी नेमका तोच प्रश्न सोडवला.

बेट्स 1907 मध्ये साउथ कॅरोलायनात, फाउंटन इन या गावी जन्मले. बाराव्या वर्षी सरकीच्या गिरणीत त्यांचा डावा पाय सापडला आणि कापावा लागला. नात्यातल्या एकाने लाकूड तासून पहिला पाय करून दिला. त्यावर ते नुसते चाललेच नाहीत, तर टॅप नाचले, आणि टॅपचं तंत्र ज्याला ठाऊक आहे त्यालाच यातली अवघड जागा कळेल. टॅपच्या बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या असतात. दोन पायांचे मिळून चार आवाज. 'शफल' काढायचं तर चवडा पुढे-मागे घासायला घोटा सैल लागतो. बेट्स यांच्या डाव्या बाजूला घोटा नाही, चवडा नाही, फक्त एक टोक. म्हणून बारीक, जलद ठोके त्यांनी उजव्या पायाकडे दिले आणि लाकडाकडे खालच्या सुरातला जड ठोका. त्या टोकाला चामडं आणि रबर लावलेलं असे. नुसतं लाकूड गुळगुळीत फळ्यांवर सटकतं, नुसतं रबर आवाज गिळून टाकतं. उंच उडी मारून सगळा भार त्या एका टोकावर घ्यायचा, धडधाकट पाय मागे सरळ ताणायचा आणि तसंच तालात मागे मागे उड्या मारत जायचं, ही त्यांची खास चाल होती.

एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात ते वीसहून जास्त वेळा नाचले. तरीही न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या ज्या हॉटेलांच्या मंचावर त्यांना टाळ्या मिळत, तिथे काळा माणूस म्हणून पाहुणा होऊन राहायची सोय नव्हती. 1951 मध्ये त्यांनी आणि पत्नी ॲलिस यांनी कर्हांक्सन इथे टर्की पाळण्याची एक वाडी विकत घेतली आणि तिथे रिसॉर्ट उभं केलं: राहायच्या खोल्या, जेवण, रात्रीचा शो, आणि शोमध्ये स्वतः बेट्स. नर्तकाची बिदागी गुडघ्यांबरोबर संपते. खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे येत राहतात. काळ्या कुटुंबांना हक्काची सुट्टीची जागा मिळाली आणि 1980 च्या दशकापर्यंत ती चालली.

परदेशात सगळं आलबेल होतं, असं मात्र कोणी समजू नये. न्यूयॉर्क शहरात 1926 पासून नाचासाठी कॅबरे परवाना लागे. 1940 ते 1967 या काळात नाइटक्लबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन कार्ड घ्यावं लागे. 1947 मध्ये जॅझ गायिका बिली हॉलिडे यांचं कार्ड गेलं आणि शहरातले क्लब त्यांना बंद झाले. मूळ कायदा रद्द व्हायला 2017 उजाडलं. आपल्या 2005 च्या कायद्यानेही तारांकित हॉटेलं आणि जिमखाने वगळून साध्या बारमधला तेवढा नाच बंद केला होता. नियम नाचाला लागतो असं म्हणतात. लागतो तो ज्याच्याकडे स्वतःची जागा नाही त्याला.

आपल्याकडे मालक झालेल्या नर्तकी नव्हत्या असं नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांनी स्वतःचा फड चालवला. पण फडाची मालकी म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. हंगामाआधी कलाकारांना उचल द्यायची, ती बहुतेकदा कर्जाने उभी करायची. मग नारायणगावात राहुट्या टाकून गावोगावच्या यात्रा कमिट्यांची वाट पाहायची, खेळाची सुपारी ठरवायची. ट्रकचं डिझेल आणि चाळीस-पन्नास माणसांचं जेवण त्यातूनच. एक अवकाळी पाऊस आला की खेळ बुडतो. उचल मात्र फेडावीच लागते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंचा शेवटचा काळ ओढगस्तीत गेला आणि त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकारने नंतर सुरू केला.

2019 च्या निकालाने एक अट शाबूत ठेवली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते: बारमध्ये काम करणाऱ्या बाईशी लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात. खात्यात नियमित जमा होणारी रक्कम दाखवता आली तर कर्ज मागता येतं. पुढची पायरी सरकारच्याच हातात आहे. लावणी-तमाशाचे कार्यक्रम जिथे होतात त्या सांस्कृतिक कला केंद्राचा परवाना देताना नाचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला प्राधान्य द्यावं, आणि गावाबाहेरची दोन एकर जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तिच्या नावावर करावी.