तीन-शून्य, चेंडूला पाय न लावता

जिल्ह्याच्या महिला फुटबॉल लीगमध्ये आज पुन्हा जिंकलो. तीन-शून्य. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस, एका पालकांनी "वाघिणी!!" लिहून पाच वाघ टाकले. आणि मी घरी येऊन बॅग अशी आपटली की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "हरलात का गं?"

हरलो असतो तर एवढी तिडीक गेली नसती डोक्यात.

सामना सकाळी साडेसहाचा. आमच्या पोरी सहालाच मैदानावर, बूट आवळून, दोन राउंड मारून घामेजलेल्या. समोरून आल्या सहा जणी. सामना सुरू करायला किमान सात लागतात. सहातल्या दोघी नववीतल्या, एकीच्या पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांचा मॅनेजर फोन कानाला लावून कुंपणाशी येरझाऱ्या घालतोय, "निघाल्यात, नाक्यावर आल्यात." कोण निघालंय, कुठल्या नाक्यावर? रेफ्रींनी पंधरा मिनिटं घड्याळ पाहिलं, शिट्टी फुंकली, कागदावर 3-0 लिहिलं, दोन्ही कॅप्टनच्या सह्या घेतल्या. झाली लीग.

त्या सहाजणींपैकी एक हळूच मला म्हणाली, "ताई, आम्ही तुमच्यात मिसळून थोडा वेळ खेळू का?" म्हटलं खेळा, मैदान आठपर्यंत आपलंच आहे. दहा मिनिटं झाली नाहीत तोच मैदानावरचा माणूस चुन्याची बादली घेऊन हजर. मॅच झाली ना, मग रिकामं करा, पुरुषांच्या सामन्याच्या रेषा मारायच्यात. आमच्या सामन्याला रेषा नव्हत्या, हे सांगायचं राहिलं.

आमची गोलकीपर साठ किलोमीटरवरून येते. पहाटेची पहिली एसटी. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून तिच्या घरचे पाठवतात तरी. ती ग्लोव्हज काढता काढता विचारते, "ताई, हे तीन गोल कुणाच्या नावावर लागतात?" कुणाच्याच नाही गं बाई. हवेतून आले, कागदावर पडले.

आता टेबल ऐका. पाच सामने, 13 गुण, आम्ही पहिले. त्यातले तीन वॉकओव्हर, म्हणजे समोरचा संघ पुरा आलाच नाही म्हणून न खेळता मिळालेले 3-0. उरलेल्या दोनपैकी एकात समोर जवळपास शाळकरी पोरी होत्या, 9-0 झाला, सातव्या गोलनंतर मी आमच्या पोरींना सांगितलं की जल्लोष करू नका. खरा सामना एकच, 1-1. नव्वद मिनिटं दोन्हीकडच्या पोरी जीव खाऊन धावल्या, आणि लीग कशी असते ते तेवढंच एकदा दिसलं. एकूण 19 गोल केलेत आम्ही, त्यातले 9 कुणाच्याही पायाने झालेले नाहीत. अशाने आम्ही चॅम्पियन होणार. हारतुरे होतील, फोटो निघतील.

कोणत्या जिल्ह्याची लीग ते सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या मोसमात आमचे कागद कुठल्या तरी टेबलावर हरवतील.

आठ क्लब आहेत म्हणे. कागदावर आठ. त्यातल्या निम्म्यांचा महिला संघ म्हणजे ऑनलाइन नोंदणी केलेली वीस नावं, बस्स. सराव नाही, कोच नाही, जर्सी पुरुष संघाची गेल्या साली उतरवलेली, पोरींच्या गुडघ्यापर्यंत येणारी. महिला संघ दाखवला की सभेत वजन वाढतं, अनुदानाच्या अर्जात एक रकाना भरतो. एवढ्यासाठी वीस पोरींची नावं वापरायची. वॉकओव्हर दिला तर दंड आहे, नियमात छापलाय. भरलेला मी अजून पाहिला नाही.

आणि वेळापत्रक करणाऱ्याला तर माझा कोपरापासून नमस्कार. लीग कधी ठेवली? फेब्रुवारीत. बारावी कधी सुरू होते? फेब्रुवारीत. ज्या लीगमध्ये अर्ध्याअधिक खेळाडू अकरावी-बारावीच्या, ती बोर्डाच्या तोंडावर! मग संघात सहाच जणी येतात यात नवल ते काय? जूनपासून पाऊस असतो हे मान्य. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर काय करत होतात? पुरुषांची लीग. बरोबर.

गेल्या आठवड्यात हेच एका साहेबांना विचारलं. चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, तुम्हाला गुण मिळाले ना? मग तक्रार कसली?" पुढे त्यांना काय सांगावं कळेना. गुणांसाठी पोरी चारला उठतात असं त्यांना खरंच वाटतं. बरं, हेच साहेब 5 जुलै 2025 ला, भारताच्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच घरी, चियांग माईत, 2-1 हरवून आशिया कप गाठला तेव्हा स्टेटसवर तिरंगा लावून बसले होते. संगीता बासफोरने दोन गोल मारले होते त्या दिवशी. ती थेट आभाळातून पडली असं वाटतं का यांना? अशाच कुठल्यातरी मैदानावर कुणीतरी तिच्यासमोर अकरा जणी उभ्या केल्या असतील ना!

आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. 2022 चा महिला आशिया कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाला. 2016-17 ला इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे देशातल्या महिला क्लबांच्या सर्वात वरच्या लीगचा, पहिला मोसम झाला, सहा संघांत एक पुण्याचा होता. पुढे कोल्हापूरचा संघही त्या लीगमध्ये खेळून आला. आता खाली दुसरी श्रेणीही आहे, तिथे राज्यांतले संघ जातात. म्हणजे वर चढायला शिडी आहे. खालच्या पायऱ्या तेवढ्या कागदाच्या आहेत. महिनाभरात दोन सामने खेळलेला आमचा संघ उद्या मणिपूरच्या नाहीतर ओडिशाच्या पोरींसमोर उभा राहिला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा हेच साहेब म्हणतील, आपल्या पोरींचा स्टॅमिना कमी पडतो.

पुढचा सामना रविवारी. आत्ता रात्री पावणेअकराला मेसेज आलाय की साडेसहाऐवजी दुपारी एक. कारण, सकाळी मैदान कंपन्यांच्या स्पर्धेला दिलंय. भर दुपारी, ना सावली, ना कपडे बदलायला खोली, चादर धरून आडोसा करायचा, आणि बाथरूमची किल्ली ज्याच्याकडे असते तो रविवारी जेवायला घरी जातो. समोरच्या मॅनेजरला चार वेळा फोन लावला. स्विच ऑफ.

आणि गोलकीपरचा मेसेज येऊन पडलाय, "ताई, रविवारी नक्की आहे ना? की विचारून मग निघू?"

एकच्या सामन्याला तिला नऊची गाडी पकडावी लागेल. समोरचे येणार की नाही ते मला एक वाजून पंधरा मिनिटांनी कळेल.