‘ओल आली की ऑइल पेंट मारा’ हा सल्ला भिंतींच्या मुळावर येतो

महालक्ष्म्या तोंडावर आल्या की लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: प्लास्टिक पेंट हा पाण्यातला रंग, तो पाण्यानेच जातो. घरभर ऑइल पेंट मारा, ओल बंद होते, वीस वर्षं बघावं लागत नाही. जुनी माणसं हेच करायची. हे वाचून लोक हॉलपासून न्हाणीपर्यंत ऑइल मारून घेतात. मेहनतीचा पैसा असा वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे उत्तर.

सगळ्यात घातक दावा ओलीचा. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओल बहुतेक वेळा पायातून चढते. काळी माती पावसाचं पाणी धरून ठेवते, पायावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो, त्यात बांधकामाला बोअरचं क्षाराचं पाणी वापरलेलं. भिंतीत चढलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि ऑइल पेंटचा थर नेमकी तीच वाट बुजवतो. ओल बंद होत नाही, थरामागे साचते. खाली उडून जायला जागा नसली की आणखी वर चढते. मग फुगे येतात. असा एखादा फुगा नखाने उचकटून पाहा. रंगाचा अख्खा पापुद्रा हातात येतो आणि त्याच्या पाठीला पांढरी भुकटी चिकटलेली असते. तो लोणा. पाणी उडालं तरी क्षार मागे राहतात, त्यांचे खडे वाढत जातात आणि गिलावा आतून भुसभुशीत होतो. रंग गेला तर पुन्हा मारता येतो, इथे गिलाव्यालाच हात घालावा लागतो.

म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा: गच्ची, पाइप, मोरी की पाया. ते दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. वाळली की नाही हे कळायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर कुठलाच रंग लावू नका, सण असला तरी.

नव्या घरात दुसरी अडचण. सिमेंटचा ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा ऑइल पेंटमधल्या तेलाशी संयोग झाला की अक्षरशः साबण बनतो, थर चिकट होतो आणि सुटतो. गिलाव्याला निदान महिना-दीड महिना द्यायलाच हवा. प्लास्टिक पेंट, म्हणजे ॲक्रिलिक रंग, हा अल्कधर्मीपणा पुष्कळ चांगला सोसतो.

‘पाण्यातला रंग पाण्याने जातो’ हे डिस्टेंपर आणि चुन्याच्या अनुभवावरून आलेलं आहे. हात लावला की पांढरं लागतं, हे त्यांच्याबाबतीत खरंच. प्लास्टिक पेंटमध्ये पाणी फक्त वाहून नेण्यापुरतं असतं. ते उडालं की ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो, आणि तो पाण्यात परत विरघळत नाही. चांगल्या प्रतीचा असेल तर ओल्या फडक्याने पुसता येतो. बाहेरच्या भिंतीला मात्र बाहेरच्यासाठीचाच इमल्शन, म्हणजे पाण्यातला रंग, घ्या.

वीस वर्षांचं म्हणाल तर ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो, आणि ही क्रिया वाळल्यावरही चालूच राहते. त्यामुळे तो ठिसूळ होतो. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडं हलतंच, ठिसूळ थराला तडे जातात. पांढरा ऑइल पिवळाही पडतो, तोही अंधारात जास्त. कपाट सरकवलं की मागे पिवळा चौकोन दिसतो तो त्यामुळेच.

जुन्या माणसांबद्दल एवढंच सांगतो की माळवदाच्या वाड्यांत भिंतींना पांढरी माती नाहीतर चुना असायचा, त्यात थोडी नीळ. तेल लागायचं ते सागवानी दाराला आणि चौकटीला. भिंत श्वास घेत होती.

ऑइल पेंटची जागा आजही तीच आहे: दारं, खिडक्यांच्या ग्रील, गेट. उघड्या लोखंडाला पाण्याचा रंग लावला तर गंज लगेच वर येतो. तिथे आधी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज अडवणारा लाल प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात), मग ऑइल. नव्या जस्ताच्या पत्र्यावर मात्र ऑइल थेट मारू नका. जस्ताशी त्याचं जमत नाही, पापुद्रे सुटतात. पत्र्यासाठीचा वेगळा प्रायमर मागून घ्या.

ज्यांच्या भिंतींवर आधीच ऑइल आहे त्यांनी त्यावर सरळ प्लास्टिक पेंट मारू नये, तुळतुळीत थरावर तो धरत नाही. कुठला रंग आहे हे माहीत नसेल तर कापसावर नेलपॉलिश काढायचं लिक्विड घेऊन कोपऱ्यात घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर बहुधा प्लास्टिक, नाहीतर ऑइल. ऑइल असेल तर पॉलिश पेपरने चकाकी उतरवा, प्रायमर मारा, मगच रंग. घासताना भिंत ओली ठेवा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. काम चालू असेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि खाली पडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्या.