दिवाळीच्या सुट्टीत किल्ला कसा लढवावा

पोरांना दिवाळीची सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा, "यंदा किल्ला पोरांनीच करायचा. मी हात लावणार नाही." म्हणताना आवाज जरा चढवा, म्हणजे शेजारच्या काकांनाही जाईल. रविवारी भर दुपारी तुम्ही बनियनवर, कोपरापर्यंत चिखलात एकटेच बसलेले असाल, तेव्हा ते कंपाउंडवरून विचारतील, "काय, पोरं कुठं गेली?"

साताऱ्यात राहून किल्ला नको म्हणायची सोय नाही. दात घासायला गॅलरीत आलं की समोर अजिंक्यतारा. तेव्हा कोणता किल्ला करायचा हे मुलांनाच विचारा. थोरला अजिंक्यतारा म्हणेल, धाकटी राजकन्येचा म्हणेल. दोघांचंही ऐका. गेल्या वर्षी आमच्या अजिंक्यताऱ्याच्या महादरवाज्याला गुलाबी पडदा होता, आणि टीव्हीचा टॉवर उदबत्तीच्या घराचा. टॉवर नसला तर गड ओळखू येत नाही, असं थोरल्याचं ठाम मत आहे. खरं सांगायचं तर माझंही.

विटा, पोती, लाल माती हे सगळं तुम्हीच आणायचं असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हळीव पेरायचं काम मात्र धाकटीला द्या. ती पुडीच्या पुडी एकाच बुरुजावर ओतेल आणि दर दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी घालेल. हळीव भिजलं की असं काही बुळबुळीत होतं की त्या बुरुजावर मावळा ठरत नाही. उभा केला की मान ताठ ठेवून, तलवार उगारून, सावकाश घसरत खंदकात. एकामागून एक सहा गेले. धाकटीला हे इतकं आवडलं की सातवा तिनं स्वतः ठेवला. तुम्ही रागावू नका. महाराज सिंहासनावर बसलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी जेसीबी उभा आहे, याबद्दलही काही बोलू नका. रस्ता रुंदीकरण चालू आहे, असं उत्तर तयार असतं.

चकल्या चालू असतील तेव्हा पोरांना स्वयंपाकघरात अवश्य पाठवा, आजीला तेवढीच मदत. सोऱ्या फिरवायचा म्हणून दोघं एकाच वेळी दांड्याला लोंबकळतात आणि मग चकलीच्या जागी जे पडतं त्याला थोरला साप म्हणतो. आजी म्हणते, "आरं, भाजणी हाय ती, चिखल न्हाय!" तिचा हा गैरसमज नाही. तिनं पोराचे हात पाहिलेले असतात.

नरक चतुर्दशीला मुलं आपण होऊन पहाटे उठतात, असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. त्यांच्या घरी मुलं नाहीत. तुम्ही मात्र चारला उठा, गिझर लावा आणि प्रत्येकाला दहा-दहा वेळा हाका मारा. उटणं डोळ्यात जाणारच. पुढं अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं आणि "गोविंदा, गोविंदा" म्हणायचं. आमच्या थोरल्यानं एवढ्या जोरात अंगठा मारला की कारीट न फुटता सटकलं आणि आजोबांच्या स्कूटरखाली गेलं. नरकासुराला बाहेर काढायला मला ओल्या टॉवेलवर पालथं पडावं लागलं. थंडी चांगली होती.

त्यानंतर पुण्याहून आत्या येते, तिची दोन घेऊन. सकाळी सातला निघालेली आत्या दुपारी एकला फोन करते, "दादा, खंबाटकी घाटात अडकलोय, पोरांना मळमळतंय." तुम्ही म्हणा, "सावकाश या." हे मनापासून म्हणा.

चार पोरं एकत्र आली की खरा वेढा सुरू होतो. औरंगजेबानं अजिंक्यताऱ्याला 1699 च्या डिसेंबरात वेढा घातला आणि एप्रिल 1700 मध्ये गड घेतला. चार महिन्यांहून अधिक काळ प्रयागजी प्रभूंनी तो लढवला. आपल्याला तर शाळा उघडेपर्यंतच काढायचेत. ही गोष्ट मुलांना सांगायची हौस मला आली. मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्यातला एक उलटा उडाला आणि तट त्यांच्याच फौजेवर कोसळला, असं मी हातवारे करून सांगितलं. चौघं तोंडाचा आ करून ऐकत होती. इतिहासाची गोडी अशी लावावी लागते.

संध्याकाळी आत्याच्या मोठ्यानं भुयारात सुतळी बॉम्ब सारला. मी नव्या झब्ब्यात, ओवाळून घेऊन नुकताच बाहेर आलो होतो. तुम्ही गोष्ट सांगाल तेव्हा झब्बा बदलूनच अंगणात या. हळीव मिशीला चिकटतं आणि धुऊन निघत नाही.

बुरुज गेला. राहिलेलं मांजरानं घेतलं, लाल माती ऊन खाऊन उबदार होते. आत्या कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन परत गेली, आणि थोरल्याला रात्री साडेनऊला दिवाळीचा अभ्यास आठवला, वीस पानं शुद्धलेखन.

मावळे मोजून ठेवायच्या भानगडीत पडू नका. पंधरापैकी नऊ सापडतात. एक आम्हाला डिसेंबरात चिवड्याच्या डब्यात तळाशी मिळाला, शेंगदाण्यांत कमरेपर्यंत रुतलेला. तलवार मोडली होती, पण ढाल वर होती.